केसांचा जाब

मनुष्याच्या शरीरावर जे जे म्हणून दिसते, त्यांत केस हाच एक भाग असा आहे की, तो ज्याचा त्याच्या मालकीचा असूनही त्याविषयी बोलण्याचा अधिकार प्रत्येकास आपोआप प्राप्त झाला आहे असे समजले जाते. एखाद्याचे नाक बेढब असले आणि कोणी ते त्याच्या तोंडावर बोलून दाखविले, तर बोलणारा असभ्य ठरतो. कोणाचे पाऊल वाकडे पडत असले, तर सुजाण मनुष्य तिकडे पाहतसुद्धा नाही. परंतु केस पिकले, विरळ झाले, कुरळे असून मोकळे सोडले, तेलाने चापून बसविले, किंवा मुळीच तेल न लावता कोरडे ठेवले, तर त्याचे कारण विचारण्यास कोणासही संकोच वाटत नाही. असे का व्हावे, हे समजणे कठीण नाही. नाक बदलता येत नाही. केस बदलता येतात. जे बदलता येण्यासारखे असून बदलले नाही ते जाणूनबुजून तसे ठेवले, आणि जे जाणूनबुजून केले त्याचा जाब विचारता येतो, अशी ही विचारसरणी आहे. ती वरकरणी बिनतोड दिसते, म्हणूनच तिची थोडी छाननी करावी असे आम्ही योजिले आहे.

आमच्या वऱ्हाडात, विशेषतः वाशीम, रिसोड, मंगरूळपीर या बाजूस, हा प्रश्न ‘काहून’ या शब्दाने सुरू होतो. लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवात किंवा बाजाराच्या दिवशी एस. टी.च्या बाकावर एखादी वडीलधारी बाई दुसरीच्या डोक्याकडे पाहून म्हणते, ‘काहून वं बाई, केस असे पिकू देल्ले?’ पुण्यामुंबईच्या कानास हे आगाऊपणाचे वाटेल. परंतु ज्यांचा जन्म या काळ्या मातीत गेला आहे, त्यांस ठाऊक आहे की येथे न विचारणे हाच खरा अपमान असतो. दाराशी आलेल्यास ‘जेवलास का’ म्हणून न विचारणारा, रस्त्यात भेटलेल्यास ‘कुठे चाललास’ म्हणून न हटकणारा मनुष्य शिष्ट समजला जातो. मराठीतील ‘विचारपूस’ हा शब्दच पाहा. त्यातील ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, हे तर खरेच. पण डोळ्यांतील पाणी टिपण्यासही आपण तोच शब्द वापरतो. तेव्हा परक्याच्या केसांविषयी विचारणारा प्रत्येक मनुष्य उद्धट, असे ठरवून मोकळे होणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

खरी अडचण अशी आहे की, एकाच वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. ‘तू केसांना काय लावतेस?’ हा एक प्रश्न; ‘तू आमच्यासारखे का करीत नाहीस?’ हा दुसरा. पहिला विचारणारा काही शिकू पाहतो, दुसरा काही वसूल करू पाहतो. शब्द मात्र दोघांचेही पुष्कळदा तेच असतात, आणि विचारणारासही आपण दोहोंपैकी कोणता प्रश्न विचारीत आहोत हे नेहमी ठाऊक असतेच असे नाही.

पहिल्या प्रश्नास उदारपणे उत्तर द्यावे, याविषयी मतभेद नसावा. ज्या स्त्रीने कलप सोडला, बाटलीतील शांपू सोडला आणि रिठे व शिकेकाई रात्री भिजत घालून सकाळी त्या पाण्याने न्हाण्यास प्रारंभ केला, तिच्यापाशी काही अनुभव जमा होतो आणि तो इतरांच्या उपयोगी पडण्याजोगा असतो. शिकेकाईच्या शेंगांत व रिठ्याच्या सालीत फेस आणणारा सॅपोनिन नावाचा पदार्थ असतो व त्यानेच मळ निघतो, हे तिने सांगावे. ते पाणी डोळ्यांत गेले म्हणजे कसे झोंबते, हेही सांगावे. कुरळ्या केसांची मुळेच त्वचेत वाकडी असतात आणि टाळूचे स्वाभाविक तेल त्यांच्या वळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही. म्हणून असे केस कोरडे दिसतात व सरळ केसांप्रमाणे वारंवार धुतल्यास अधिकच पिंजारतात, हे कुरळ्या केसांच्या मुलीच्या आईस कोणी वेळीच सांगितले, तर त्या मुलीचे निम्मे रडणे वाचेल. फणीने ओढून काढलेल्या त्या रडण्यास आपल्याकडे ‘वळण लावणे’ म्हणतात, हा भाग निराळा.

परंतु येथेच सांगणाराच्या प्रामाणिकपणाचीही परीक्षा होते. ‘नैसर्गिक’ या शब्दास अलीकडे एक सोवळेपणा आला आहे. जे झाडावरून आले ते निर्दोष, आणि जे कारखान्यातून आले ते विष, असा सरळ हिशेब मांडला जातो. वस्तुस्थिती इतकी सोयीची नाही. कलपातील पॅराफेनिलिनडायअमीन या रसायनाने कित्येकांच्या त्वचेस भयंकर दाह होतो, हे खरे. पण ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी निसर्गाच्या नावाने विकली जाते, तिच्यातही पुष्कळदा हेच रसायन मिसळलेले असते. खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. ते संशोधन मुंबईच्या तेल विकणाऱ्या कंपनीतच झाले होते, हे ध्यानी ठेवूनही त्यात तथ्य आहे असे मानावयास हरकत नाही. तथापि, कोणतेही तेल पिकलेला केस पुन्हा काळा करीत नाही. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी थकल्या म्हणजे केस पांढरा उगवतो. माका, जास्वंद, आवळा यांची कितीही कढणे केली तरी त्या पेशी परत कामास लागत नाहीत. आणि ‘आपल्या परंपरेचे तेल’ म्हणून ज्या खोबरेलाची एवढी प्रशस्ती होते, तो नारळ तरी आमच्या कापसाच्या मुलखाचा कोठे आहे? येथे पिके तीळ, करडई आणि जवस यांची; नारळ यावयाचा तो समुद्रकाठावरूनच.

याचा अर्थ, कलप न लावणे हे पुण्य नव्हे आणि लावणे हे पाप नव्हे. जी स्त्री आपल्या पांढऱ्या केसांस पदकाप्रमाणे मिरविते आणि शेजारणीच्या रंगविलेल्या केसांकडे कीव येऊन पाहते, ती स्वतःस जो जाच झाला तोच दुसरीस करीत असते. असल्या नव्या सासवा आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या ‘अजून केमिकल लावतेस?’ या प्रश्नात आणि जुन्या ‘काहून वं?’ मध्ये असला तर इतकाच फरक आहे की, जुन्या प्रश्नात निदान ‘वं’ होते.

आता दुसरा प्रश्न. ‘आमच्यासारखे का नाही?’ यास काय उत्तर द्यावे? पुष्कळ स्त्रिया, आणि पुरुषही, एका लहानशा असत्याचा आश्रय करितात. ‘डॉक्टरांनी कलप लावू नको म्हणून सांगितले आहे,’ असे म्हटले की विचारणारा गप्प होतो. असत्य निरुपद्रवी आहे, कोणाचे नुकसान होत नाही, आणि समारंभाची शोभा राहते. असल्या बारीक असत्यांवर नीतिशास्त्राची कुऱ्हाड चालविण्याची आम्हांस हौस नाही. तरीपण त्यात जे घडते ते पाहण्यासारखे आहे. डॉक्टरचे नाव पुढे करणारी बाई असे कबूल करिते की, स्वतःची इच्छा हे पुरेसे कारण नाही. कोणा अधिकारी पुरुषाची आज्ञा असेल तरच तिचे डोके तिचे. त्यामुळे तिची त्या दिवसापुरती सुटका होते खरी, पण तिच्या मागून येणाऱ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी नसणाऱ्या बाईची वाट अधिक अडते. ‘मला असेच बरे वाटते’ हे पाच शब्दांचेसुद्धा नसलेले उत्तर देण्यास एवढे धैर्य लागावे, यावरून हा प्रश्न केसांपुरता नाही हे दिसून येते.

तो केसांपुरता कधीच नव्हता. आपल्या पणज्यांच्या पिढीत विधवेच्या केसांचा प्रश्न तिला विचारलाच जात नसे. त्याचे उत्तर न्हाव्याच्या वस्तऱ्याने परस्पर दिले जाई. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले, त्याचे मोठेपण आमच्या मते हे की, जाब विचारण्याची दिशाच त्यांनी फिरविली. बाई अशी का वागते, हे विचारणाऱ्या पुरुषासच त्यांनी उलट विचारले की, तू कसा वागतोस ते आधी सांग. पुढे १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यामागे प्रेरणा होती. या घटनेकडे आम्ही वारंवार वळतो. धर्मनिर्णय देणारे शास्त्री, तो मानणारे सासरे, कुजबुजणाऱ्या आळीतल्या बायका, यांपैकी कोणाच्याही हातात वस्तरा नव्हता. मत सर्वांचे, काम एकट्या न्हाव्याचे. ज्याच्या हातास ते केस लागत, ज्यास ती चौदापंधरा वर्षांची मुलगी समोर बसलेली दिसे, त्यालाच प्रथम नकोसे झाले. पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात आपण केशवपन कसे सोडले ते लिहिले आहे. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडणाऱ्या या बाईस लोकांच्या नजरांची पर्वा करणे भाग होते. नजरा फिरल्या तर वर्गणी फिरे. तरीही त्यांनी केस वाढू दिले.

मुंडण हेच मुळात वाईट, असा मात्र निष्कर्ष कोणी काढू नये. आमच्याच जिल्ह्यातील कारंजा हे दिगंबर जैनांचे जुने स्थान. तेथील भट्टारकपीठे व हस्तलिखितांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. दिगंबर मुनी आणि आर्यिका दोन ते चार महिन्यांनी आपल्या हाताने आपले केस उपटतात. त्यास केशलोच म्हणतात. तो पाहणारांच्या डोळ्यांत पाणी येते, पण कोणी ‘काहून’ म्हणत नाही. आर्यिकेचे डोके आणि जुन्या काळच्या विधवेचे डोके डोळ्यांस सारखेच दिसे. एकीने ते व्रत स्वतः घेतले, स्वतःच्या बोटांनी पाळले. दुसरीवर ते लादले गेले. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. तो कळण्यास तिलाच विचारावे लागते, आणि तिने दिलेले उत्तर खरे मानावे लागते. यांपैकी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फार कठीण आहे.

येथे कोणी म्हणेल की, मग ज्याचे केस त्याने पाहावे, इतरांनी तोंड उघडू नये, हाच निर्वाळा झाला. आमचे तसे म्हणणे नाही, आणि त्याचे कारण जट हे आहे. अजूनही महाराष्ट्राच्या खेड्यांत एखाद्या बाईच्या केसांत गुंता होतो, तो सोडविला जात नाही, आणि देवीचे बोलावणे आले असे समजून त्यास हळदकुंकू वाहिले जाते. जट वर्षानुवर्षे वाढते, भिजली की लवकर वाळत नाही, तिच्यात उवा होतात, तिच्या भाराने मान दुखते, एका कुशीवर निजता येत नाही. देवाची वस्तू म्हणून तिला कोणी हात लावीत नाही, आणि तीच भीती त्या बाईच्याही मनात बसलेली असते. अशा बाईविषयी ‘तिचे केस, तिची मर्जी’ असे म्हणून पुढे जाणे ही सभ्यता नव्हे; ती अंग चोरण्याची एक रीत आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारण्याचे पत्करले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो स्त्रियांच्या जटा आपल्या हातांनी काढल्या आहेत. त्या कामाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. आधी जाऊन बसावयाचे, बोलावयाचे, पुन्हा जावयाचे. कोप होईल या भीतीची टिंगल न करिता तिच्यातून वाट काढावयाची. घरच्यांची समजूत घालावयाची. आणि बाई स्वतः ‘काढा’ म्हणाल्यावरच कात्री हाती घ्यावयाची. घट्ट गोळा झालेली जट कापण्यास पुष्कळ वेळ लागतो. मग डोके धुवावयाचे, आणि नंतरही चौकशी ठेवावयाची.

नाभिकांची सभा आणि हे काम एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे आम्हांस एक कसोटी सापडल्यासारखे वाटते. ज्याच्या हातास तेल लागते त्यास विचारण्याचा अधिकार अधिक. लहानपणी पायांच्या कैचीत धरून जी आजी केस विंचरते, तिने ‘किती गं हा गुंता, काय करतेस केसांचे?’ म्हटले तर त्याचा राग येत नाही, कारण तो गुंता तीच सोडवीत असते. बाळंतिणीचे डोके धुणारी मावशी, आजारात गळणारे केस उशीवरून मुकाट्याने उचलणारी जाऊ, यांच्या प्रश्नांस उत्तर देणे हे कर्तव्यच आहे. जो नुसता पाहून बोलतो आणि बोलून पुढच्या पंक्तीस जातो, त्याच्या प्रश्नास हसून बगल दिली तर कोणताही नीतिनियम मोडत नाही. कसोटी अचूक आहे असे नाही. तेलाच्या हातांनीही जुलूम होतो, हे वेणी घालून घेणारी प्रत्येक मुलगी जाणते.

हा प्रकार केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. लुइझियाना प्रांतात स्पेनचा अंमल असता तेथील गव्हर्नर मिरो याने १७८६ साली असा हुकूम काढला की, स्वतंत्र कृष्णवर्णी स्त्रियांनी आपले केस रुमालाने झाकावेत. त्यांनी ते झाकले, पण असे भरजरी रुमाल अशा ऐटीने बांधले की हुकुमाचा हेतूच बुडाला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांच्याच वंशबांधवांस शाळेत व कचेरीत ‘केस नीट करून या’ म्हणून सांगितले जात होते, आणि ‘नीट’ याचा अर्थ ‘गोऱ्यांसारखे सरळ’ असा होता. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्यास तशा भेदाविरुद्ध कायदा करावा लागला. परदेशातील अन्याय आपणांस चटकन दिसतो. मग आमच्या जिल्ह्यातील तांड्यावरच्या वृद्ध बंजारा स्त्रिया केसांच्या बटांत घुगरी-टोपली गुंफून शहराच्या बाजारात येतात, तेव्हा त्यांच्याकडे पाहून जे हसू येते त्याचे काय? पोहरादेवी येथे २०२४ साली बंजारा वारशाचे संग्रहालय उघडले. काचेआडच्या दागिन्यापुढे जो सुशिक्षित गृहस्थ हळू आवाजात बोलेल, तोच एस. टी.त शेजारी बसलेल्या म्हातारीच्या केसांतील तसल्याच दागिन्याविषयी ‘हे ओझे अजून कशाला वागवता?’ असे मोठ्याने विचारतो. त्या बाईच्या दृष्टीने ते सौभाग्याचे लेणे आहे. विचारणारास ते ठाऊक नसते. पण जाणून घेण्यासाठी त्याने विचारलेलेच नसते.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. बाई वाशीम शहरातच शिक्षिका. चाळिशी उलटल्यावर कलपाने कपाळावर चट्टे उठू लागले म्हणून त्यांनी तो बंद केला, आणि चट्टे गेल्यावर पुन्हा सुरू करावासा वाटेना म्हणून केला नाही. दोनतीन वर्षांत डोके पांढरे झाले. शाळेत, शेजारी, माहेरी सर्वांची विचारपूस होऊन गेली व हळूहळू निवली. मग थोरल्या मुलीचे जुळविण्याची वेळ आली. पाहुणे यावयाचे होते. बाईंच्या सासूबाई, ज्यांनी तोपर्यंत एक शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, ‘सूनबाई, तुम्हाला काय करायचं ते करा, पण पोरीचं होऊन जाऊ द्या. लोक म्हणतील, माय एवढी म्हातारी, तं पोरगी किती मोठी असंन?’ यात आढ्यता नव्हती, जुलूमही नव्हता. लोक खरोखरच तसे म्हणतात, आणि त्याची किंमत मुलीस द्यावी लागते. येथे आपल्या तत्त्वासाठी दुसऱ्याचे भवितव्य पणास लावण्याचा अधिकार कोणास आहे, हा प्रश्न उभा राहिला. मुलीने सांगितले, ‘आई, माझ्यासाठी लावू नकोस.’ आईस त्यानेच अधिक अवघड झाले.

बाईंनी कलप न वापरता नुसती मेंदी लावली, चट्टे उठणार नाहीत अशा बेताने. केस तांबूस झाले. पाहुणे आले, बैठक झाली, लग्नही ठरले व झाले. काही मैत्रिणी म्हणाल्या की, एवढे धरून शेवटी तुम्ही हरलात. आम्हांस तसे वाटत नाही. जिने लोकांच्या बोलण्यास कंटाळून मान वाकविली ती निराळी, आणि मुलीच्या लग्नाचा दिवस आपल्या केसांच्या चर्चेत जाऊ नये म्हणून जिने आपणहून मान वाकविली ती निराळी. मात्र सासूबाईंचे म्हणणे खरे ठरविणारे ‘लोक’ जे आहेत, त्यांत आपण सर्व जण बसलेलो आहोत, एवढे विसरता येत नाही.

लग्नानंतर चार महिन्यांनी विहीणबाई एकट्याच त्यांच्याकडे आल्या. चहा झाल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर जरा मागे सारला, भांगाशी दिसणारी बोटभर पांढरी रेघ दाखविली आणि हळूच विचारले, ‘तुम्ही बंद केला तेव्हा मधले दिवस कसे काढले?’ बाईंनी त्यांस सांगितले की, केस महिन्यास साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तेव्हा खांद्यापर्यंतचा केस एकरंगी होण्यास दोन वर्षे तरी धरावीत, टोके अधूनमधून कापून घ्यावीत, आणि पहिले सहा महिने अंबाडा घालावा, कारण त्यात दोन रंग कमी दिसतात. मग आत जाऊन त्यांनी शिकेकाईचा डबा आणला.